दयेकडून हक्काकडे : दुष्काळी कामांच्या शंभर वर्षांत एक विचार कसा बदलला



या व्याख्यानमालेत आपण विचार आणि समाजव्यवस्था यांच्या नात्याबद्दल बोलतो आहोत. मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने आमच्या हातात चिठ्ठी दिली. तीत एकच ओळ होती : 'विचारांनी समाज बदलतो हे ठीक, पण आधी विचार की आधी पोट?' प्रश्न चांगला आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारायचंच. बहुतेक वेळा शेवटच्या बाकावरचा मुलगा, आणि खरं सांगायचं तर वर्गात तोच नीट ऐकत असायचा. तेव्हा आज आपण पोटाचाच इतिहास घेऊ आणि त्यात विचार कुठे सापडतो ते पाहू.

सुरुवात तुमच्या खिशापासून करू. महाराष्ट्रात पगारी नोकरी करणाऱ्यांनी आपलं पगारपत्रक आठवून बघा. कपातीच्या रकान्यात 'व्यवसाय कर', म्हणजे ज्याला आपण सगळे प्रोफेशनल टॅक्स म्हणतो, तो दिसेल. बहुतेकांचे महिन्याला दोनशे रुपये कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. आम्हीही निवृत्त होईपर्यंत तो भरला, आणि बराच काळ कुरकुर करत भरला. हा कर १९७५ साली आला. त्या काळी आम्ही नुकतेच प्राध्यापकीत आलो होतो. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना सगळ्यांची एकच तक्रार : आमच्या पगाराला हात का लावता? हा पैसा कुठे जाणार याची चौकशी फारशी कोणी केली नाही. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनीही नाही.

तो पैसा रोजगार हमी योजनेसाठी होता. खेड्यातल्या ज्या माणसाच्या हाताला काम नाही त्याने काम मागावं आणि सरकारने ते द्यावं, यासाठी शहरातल्या पगारदाराने थोडा भार उचलावा, अशी ती व्यवस्था होती. आज ती आपल्याला फार साधी वाटते. पण ती सुचायला आणि कागदावर यायला शंभर वर्षं लागली. आजची गोष्ट त्या शंभर वर्षांची आहे.

गोष्टीत एक शब्द पुन्हापुन्हा येईल, म्हणून तो आधी सांगून ठेवतो : सिद्धतेचं ओझं. कोर्टात हा प्रश्न नेहमी असतो. सिद्ध कोणी करायचं? ज्याच्यावर हे ओझं असतं तो निम्मी लढाई आधीच हरलेला असतो. समाजव्यवस्थेतही असंच असतं, असं आमचं म्हणणं आहे. भुकेल्या माणसाने आपली भूक सिद्ध करायची, की त्याला काम का मिळालं नाही हे सरकारने सांगायचं? हे ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलं की समजावं, विचाराने समाज बदलला. नुसती भाषणं झाली, ठराव झाले, तर तेवढं समजू नये.

माल्थसचा वर्ग

इंग्लंडमधल्या एका वर्गापासून सुरुवात करू. १७९८ साली टॉमस माल्थसने लोकसंख्येवरचा आपला निबंध छापला. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, म्हणून उपासमार हा जणू निसर्गाचाच हिशेब आहे, आणि गरिबाला मदत दिल्याने हा हिशेब आणखी बिघडतो, असा त्याचा साधारण आशय होता. इथवर हा एका विद्वानाचा निबंध होता. पण १८०५ साली ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात पाठवायच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी काढलेल्या कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून माल्थसचीच नेमणूक झाली. ते कॉलेज पुढे हेलीबरी इथे गेलं, आणि १८३४ साली वारला तोपर्यंत तो तिथे शिकवत होता. म्हणजे आपल्याकडे कलेक्टर म्हणून येणाऱ्या कित्येक पोरांनी हा विचार प्रत्यक्ष माल्थसच्या तोंडून ऐकला. आम्ही मास्तर लोक या गोष्टीने थोडे घाबरतो. वर्गात काय बोलतो त्याचं पुढे काय होईल, सांगता येत नाही.

१८३४ सालीच इंग्लंडमध्ये गरिबांसाठीचा नवा कायदा आला. त्याचं सूत्र असं की मदत घेणाऱ्याची अवस्था बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे. तरच खरा गरजू येईल आणि आळशी दूर राहील. बघा, ओझं कुणावर आलं? मदत मागणाऱ्यावर. आपण खरोखर निरुपाय आहोत हे त्याने स्वतःचे हाल सोसून सिद्ध करायचं.

हा विचार आपल्याकडे कसा उतरला, हे एकाच माणसाच्या आयुष्यात दिसतं. त्याचं नाव रिचर्ड टेंपल. १८७३-७४ साली बिहार-बंगालकडे दुष्काळ पडला तेव्हा याच टेंपलने ब्रह्मदेशातून तांदूळ मागवला, लोकांना कामं आणि धान्य दिलं, आणि माणसं मोठ्या प्रमाणावर वाचली. त्याबद्दल त्याचा सत्कार व्हायला हवा होता. झालं उलटं. उधळपट्टी केली म्हणून त्याच्यावर टीका झाली. तीनच वर्षांनी, १८७६ ते ७८ या काळात, मद्रास, म्हैसूर आणि आपल्या दख्खनमध्ये महादुष्काळ पडला. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार भरला, आणि त्याच महिन्यात व्हाइसरॉय लिटनने याच टेंपलला दुष्काळी भागात पाठवलं. या वेळी खर्च कमी ठेवायचा, अशी आज्ञा होती.

टेंपलने मजुरी ठरवली : दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. तेवढ्यावर खडी फोडायची, माती वाहायची. यालाच लोक पुढे 'टेंपल मजुरी' म्हणू लागले. शिवाय काम गावाजवळ द्यायचं नाही, लांब द्यायचं. मैलोन् मैल चालत जो येईल तोच खरा भुकेला. काम, मजुरी आणि अंतर, अशा तीन चाळण्या लावल्या. त्या तिन्हींतून जो खाली पडेल त्याला मदत.

टेंपल दुष्ट होता असं म्हणून हा विषय सोडून देणं सोपं आहे. पण १८७४ मध्ये माणसं वाचवणारा आणि १८७७ मध्ये मजुरी कापणारा, माणूस तोच होता. बदललं होतं ते वरून आलेलं गृहीतक. व्यवस्था चालवणारी माणसं बहुधा सामान्य असतात. ज्या विचाराच्या चौकटीत ती बसवली जातात तिच्याप्रमाणे वागतात. चिठ्ठी लिहिणाऱ्या श्रोत्याला आमचं पहिलं उत्तर हेच. १८७७ साली पोट रिकामं होतं हे खरं, पण ते किती रिकामं राहू द्यायचं हे एका विचाराने ठरवलं. त्या दुष्काळात एकट्या ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली.

आपल्याकडचे लोक तेव्हा गप्प बसले होते का? नाही. मुंबई इलाख्यात मजुरी कमी केल्यावर हजारो मजुरांनी कामं सोडली. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला लिहीत होती. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळात सापडलेल्या मुलांसाठी बालाश्रम चालवला. ही कामं मोठी होती. पण अजून भाषा विनंतीची होती, फार तर तक्रारीची. 'आमचा हक्क' असं म्हणायला हातात कागद लागतो. तो कागद सरकारनेच दिला, आणि तोही नकळत.

नियमांचं पुस्तक लोकांच्या हाती

इतकी माणसं मेल्यावर सरकारने एक आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८० साली आला आणि १८८३ साली दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. दुष्काळाची चिन्हं कोणती, कामं कधी उघडायची, मजुरी किती द्यायची, जे काम करू शकत नाहीत अशा म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना काय द्यायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं. प्राण वाचवणं हे सरकारचं कर्तव्य आहे, हे तत्त्व त्यात आलं. ही मोठीच पायरी होती.

पण संशय गेला नव्हता. आधी चाचणी म्हणून कामं काढायची, कमी मजुरी ठेवायची, आणि तरीही गर्दी झाली तरच दुष्काळ आहे असं मानायचं. ताप आहे की नाही हे बघायला रोग्याला थंड पाण्यात उभं करावं, तसला प्रकार. आणि ती संहिता होती अधिकाऱ्यांसाठी. लोकांनी ती वाचावी अशी अपेक्षाच नव्हती.

इथे इतिहासात एक सुंदर वळण येतं. १८९६ साली पाऊस गेला. तोवर सार्वजनिक सभेची सूत्रं टिळकांच्या गटाकडे आली होती. सभेच्या लोकांनी काय केलं? त्यांनी अधिकाऱ्यांसाठीची ती संहिता घेतली आणि गावोगाव जाऊन लोकांना समजावून सांगितली. 'केसरी'तून तेच चाललं होतं. सरकारच्याच पुस्तकात असं असं लिहिलं आहे; पीक इतकं बुडालं तर सारा तहकूब व्हायला पाहिजे, काम मागितलं तर मिळायला पाहिजे. नवीन काहीही नाही. बंड नाही, बॉम्ब नाही. सरकारचे नियम सरकारच्या प्रजेला वाचून दाखवले, एवढंच.

सरकारला ते फार झोंबलं. काही प्रचारकांवर खटले झाले आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. आता विचार करा. स्वतःचेच नियम कोणी मोठ्याने वाचले तर सरकारने चिडायचं कारण काय? कारण असं की नियम वरून खाली वाचला तर ती कृपा असते, आणि तोच नियम खालून वर वाचला तर तो हक्क होतो. शब्द तेच असतात, वाचणारा बदलतो. आम्हाला वाटतं, आपल्याकडे 'कामाचा हक्क' ही कल्पना कुठल्या परदेशी ग्रंथातून उतरली त्याहून जास्त ती या गावसभांतून वर आली.

बहात्तरचा दुष्काळ

आता पाऊणशे वर्षं ओलांडून पुढे येऊ. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली. घटनेच्या ४१व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. आणि तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. थोडक्यात, हेतू लिहून ठेवला आणि त्याची अंमलबजावणी पुढच्या लोकांवर सोडली.

१९७० पासून लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्रात पाऊस दगा देत गेला, आणि १९७२ ला कळस झाला. ज्यांचं वय आज साठीच्या पुढे आहे त्यांना अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आठवत असेल, सुकडी आठवत असेल. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. जगाच्या इतिहासात इतकी माणसं अशा कामांवर फार क्वचित आली असतील. आणि इतका भीषण दुष्काळ असूनही १८७७ सारखं मरण आलं नाही. गुरं गेली, घरातली भांडी आणि डाग गेले, हाल झाले, पण माणसं मोठ्या प्रमाणावर तगली. याचं श्रेय कामांना आहे, रेशनला आहे, आणि लोकांच्या मोर्चांना व घेरावांनाही आहे.

त्या उन्हाळ्यात आम्ही विद्यार्थी होतो. कॉलेजच्या गटाबरोबर माणदेशातल्या एका खडीच्या कामावर गेलो होतो. माणदेश म्हणजे दुष्काळाचं माहेरच. तिथलाच म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव १८७६-७७ च्या दुष्काळी कामांतून उभा राहिला. शंभर वर्षांनी पुन्हा तिथलीच माणसं हातोडी घेऊन बसली होती. डोक्यावर ऊन, रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग, ढिगाशेजारी बाया, आणि साडीच्या झोळीत निजलेली पोरं. आम्ही सुकडी वाटत होतो आणि मनात आपण फार पुण्य करतो आहोत असा भाव होता. एका वयस्क बाईंच्या हातावर सुकडी ठेवताना आम्ही म्हणालो, "घ्या मावशी, सरकार देतंय तुम्हाला."

त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सरकार देतंय व्हय रं पोरा? मग ह्यो ढीग कुणी फोडला?"

रागाने नाही म्हणाल्या. हसूनच म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. आमच्याजवळ उत्तर नव्हतं. कांटचं नीतिशास्त्र आम्ही त्याच वर्षी वाचत होतो. माणसाला केवळ साधन मानू नये, हे पाठ होतं. पण देणारा आणि घेणारा यांतला भेद आमच्या डोक्यात जसाच्या तसा होता. त्या बाईंच्या डोक्यात तो नव्हता. त्यांच्या लेखी तो सरळ व्यवहार होता : मी काम करते, मला माझी मजुरी द्या. कायदा व्हायच्या आधीच त्या कायद्यातला विचार त्या बोलत होत्या.

काम मागणाऱ्याची हमी

विधिमंडळातही एका माणसाला हाच विचार वेगळ्या वाटेने सुचला होता. वि. स. पागे हे त्यांचं नाव. स्वातंत्र्यसैनिक, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, आणि १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती. १९६५ साली, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या कितीतरी आधी, त्यांच्या कल्पनेनुसार तासगाव तालुक्यात एक प्रयोग झाला : ज्याला काम हवं त्याला काम द्यायचं, आणि कामही असं की ज्याने जमीन आणि पाणी सुधारेल. १९७२ साली वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ही योजना ग्रामीण महाराष्ट्रासाठी जाहीर झाली.

पागेंच्या कल्पनेत नवीन काय होतं? दुष्काळी कामं तर शंभर वर्षं चालूच होती. नवीन होतं ते हे : दुष्काळ जाहीर होण्याची वाट कशाला पाहायची? जुन्या पद्धतीत कलेक्टरने टंचाई जाहीर केली की कामं उघडायची, आणि पाऊस पडला की बंद करायची. पण भूमिहीन मजुराच्या घरी टंचाई जाहीर होत नाही आणि संपतही नाही. सुगी सरली की त्याचा दुष्काळ दरवर्षी सुरू होतो. मग काम केव्हा द्यायचं हे आभाळाकडे बघून का ठरवायचं? ज्याला काम हवं आहे त्याच्याकडे बघून ठरवा.

१९७३ च्या पावसानंतर हा प्रश्न समोर उभाच होता. इतकी माणसं कामांवरून परत जाणार, ती जाणार कुठे? पैसा उभा करायला १९७५ ला व्यवसाय कर आला, बागायती जमिनीवर आणि इतर गोष्टींवरही काही कर-अधिभार बसले, आणि जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्याकडून घालायची असं ठरलं. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमी कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

त्या कायद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की पंधरा दिवसांत ते द्यायचं. दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, दिवसाला निदान एक रुपया. एक रुपया म्हणजे काहीच नाही, तेव्हाही फार नव्हता. पण तत्त्वाच्या दृष्टीने तो फार महाग रुपया होता. तो रुपया म्हणजे सरकारची कबुली, की काम देणं आमच्याकडे होतं आणि आम्ही चुकलो. १८७७ मध्ये मैलोन् मैल चालून मजुराने आपली गरज सिद्ध करायची होती. १९७९ मध्ये मजुराने फक्त अर्ज करायचा. पुढचे पंधरा दिवस सरकारचे. गरीब असल्याचा दाखला नाही, पीक बुडाल्याचा पंचनामा नाही. जो माणूस उन्हात माती वाहायला तयार आहे त्याला गरज आहे, हे धरून चालायचं. आपण सुरुवातीला ज्याला सिद्धतेचं ओझं म्हणालो ते इथे खांदा बदलतं.

टिकाव तोच, घमेलं तेच, मुरूमही तोच. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही कामं सारखीच दिसतील. बदल झाला तो कागदावरच्या नात्यात.

आता तुम्ही विचाराल, हा कायदा पास कसा झाला? आपल्या विधिमंडळात बागायतदार काही कमी नव्हते. गंमत अशी की सगळ्यांनी पाठिंबा दिला, पण प्रत्येकाचं कारण निराळं. डाव्यांना आणि समाजवाद्यांना तो श्रमिकांचा हक्क वाटला. गांधीवाद्यांना गावाचं स्वावलंबन दिसलं. बागायतदाराला दिसलं की मजूर गाव सोडून जाणार नाही, आणि पाझर तलाव झाला की आपल्याच विहिरीला पाणी वाढेल. मुंबईकराला वाटलं, फुटपाथवरची गर्दी थोडी कमी होईल. राज्यकर्त्यांना खेड्यातली मतं दिसली. विचार शुद्ध हेतूंनीच पुढे जातो, हा आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा एक भ्रम आहे. विचार पुढे जातो तेव्हा त्याच्या मागे असे पाच-दहा वेगवेगळे हेतू ढकलत असतात. नवी व्यवस्था कल्पिणाऱ्याने हे ओळखलं पाहिजे. सगळ्यांची मनं एक होण्याची वाट पाहत बसलात तर काहीच होणार नाही. वेगवेगळ्या मनांना एकाच कागदावर सही करता येईल अशी मांडणी शोधावी लागते.

उणिवा झाकायच्या नाहीत

इथे टाळ्या वाजवून थांबलो तर ती लबाडी होईल. या योजनेचे हाल तुम्हालाही माहीत आहेत. मजुरी वेळेवर मिळत नसे. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, खोटी नावं चढत. गावात नसलेल्या माणसांनी, क्वचित हयात नसलेल्यांनीही खडी फोडल्याच्या नोंदी होत. तो एक रुपयाचा भत्ता प्रत्यक्षात फार क्वचित कोणाला मिळाला. पाझर तलावाचं पाणी ज्याची जमीन त्याच्या विहिरीत गेलं. तलाव खोदणाऱ्या भूमिहीनाच्या वाट्याला फक्त त्या दिवसांची मजुरी आली. इथे पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीची आठवण होते. पाणी जमिनीच्या मापाने वाटायचं नाही, घरातल्या माणसांच्या मापाने वाटायचं, भूमिहीनाचाही त्यावर वाटा, आणि ऊस घ्यायचा नाही, असे नियम तिथे लोकांनी पाळून दाखवले. म्हणजे पुढची पायरी कोणती हेही आपल्याला कळलेलं होतं. ती चढणं सरकारला आणि आपल्याला जमलं नाही.

आणखी एक गोष्ट कडू आहे, पण सांगितली पाहिजे. सुप्रीम कोर्टाने १९८३ साली राजस्थानच्या एका खटल्यात स्पष्ट केलं की दुष्काळी कामांवरही किमान वेतनापेक्षा कमी देता येणार नाही. तसं देणं म्हणजे वेठबिगारी. टेंपल मजुरीला शंभर वर्षांनी मिळालेलं ते उत्तर होतं. महाराष्ट्रात १९८८ मध्ये हमीच्या कामावरचे दर शेतमजुरीच्या किमान वेतनाच्या बरोबरीला आणले गेले, जवळजवळ दुप्पट. पण मग काय झालं? कामंच कमी निघू लागली. हक्क कागदावर राहिला आणि काम मागायला गेलेल्याला 'सध्या काम मंजूर नाही' हे उत्तर मिळू लागलं. दर वाढला आणि दार अरुंद झालं.

असं असलं तरी या योजनेने समाजात काही घडलं ते नाकारता येत नाही. या कामांवर बायांची संख्या फार मोठी होती. मातीचं मोजमाप केलं की माती बाईने खोदली की पुरुषाने, दर तोच. त्याच गावातल्या शेतावर बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी मिळत होती, आणि शेजारी सरकारी कामावर सारखा दर. हे एकदा बघितलेली बाई शेतमालकाशी बोलताना पूर्वीसारखी बोलत नाही. १९९० पासून याच योजनेला फळबाग लागवडीची जोड दिली गेली आणि कोकणातल्या कातळावर आंबा-काजू, दुष्काळी भागात डाळिंब-बोर उभं राहिलं. आणि २००५ साली देशाने महाराष्ट्राचा धडा घेऊन ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, वर्षाला कुटुंबामागे शंभर दिवसांचा. तासगावातला प्रयोग चाळीस वर्षांनी संसदेत पोचला.

ओझं परत येतं आहे का?

शेवटी आजच्याकडे येऊ. खोट्या मस्टरवर उपाय म्हणून केंद्राच्या योजनेत २०२३ पासून सार्वजनिक कामांवर मोबाइलवरून दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून हजेरी लावण्याची सक्ती झाली. हेतू वाईट नव्हता. चोरी थांबवणं गरजेचंच होतं. पण रेंज नसलेल्या डोंगरात फोटो चढला नाही तर? तर त्या दिवशी ती बाई कामावर होती हे कोणी सिद्ध करायचं? तिनेच. खोटी नावं लिहिली कोणी? मुकादमाने, ठेकेदाराने, कारकुनाने. आणि आपलं असणं दिवसातून दोनदा सिद्ध करायचं कोणी? खडी फोडणारीने.

रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून परत जाणाऱ्या म्हाताऱ्याचं उदाहरण तुम्हीही पाहिलं असेल. आयुष्यभर माती उपसून ज्याच्या बोटांवरच्या रेषा गेल्या, त्याच्याकडे आपण रेषा मागतो. टेंपलसाहेबाच्या चाळण्या वेगळ्या होत्या, आजच्या वेगळ्या आहेत. यंत्र नको असं आमचं म्हणणं नाही. आमचं म्हणणं एवढंच की कुठलीही नवी व्यवस्था आली, मग ती कितीही आधुनिक असो, तिला पहिला प्रश्न हा विचारा : इथे चूक झाली तर भोगायची कोणी आणि सिद्ध करायची कोणी? दोन्हींचं उत्तर एकच माणूस असेल, आणि तो सगळ्यात दुबळा असेल, तर आपण १८७७ च्या रस्त्यावर आहोत.

हा प्रश्न विचारायला पीएच.डी. लागत नाही. सार्वजनिक सभेच्या लोकांनी केलं ते आपल्यालाही करता येईल. नियम वाचायचे, मोठ्याने वाचायचे आणि ज्यांच्यासाठी आहेत त्यांना वाचून दाखवायचे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताई, तुमच्या इमारतीचे वॉचमन, तुमच्या गावाकडचे सालगडी, यांच्यासाठी कोणते कायदे आज पुस्तकात आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आम्हालाही सगळे ठाऊक नव्हते. निवृत्तीनंतर एकेक वाचायला घेतले आहेत. चष्मा लावून, सावकाश.

चिठ्ठीवाल्या मित्राला उत्तर देऊन थांबतो. आधी पोटच. पण पोटाला काय द्यायचं, किती द्यायचं, आणि देताना त्या माणसाने मान खाली घालायची की वर ठेवायची, हे विचार ठरवतो. माणदेशातल्या त्या बाईंचं नाव विचारायचं आमच्याकडून राहून गेलं. मात्र १९७९ साली कायदा लागू झाल्याची बातमी वाचली तेव्हा त्यांची आठवण झाली, आणि त्यानंतर व्यवसाय कराबद्दल आम्ही शिक्षकांच्या खोलीत पुन्हा कधी कुरकुर केली नाही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करा.